आकाशातून आलेले लोखंड

जबलपूर शहराच्या रिछाई भागात कारखान्यांची वसाहत आहे. या शहराचा लोखंडाशी संबंध जुना आहे. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. पुढे लष्करी वाहनांचा आणि ओतकामाचा असे कारखाने त्यात येऊन मिळाले. परंतु त्याच्याही कितीतरी आधी सिहोऱ्याकडील टेकड्यांत मिळणारे लोहखनिज लहान लहान मातीच्या भट्ट्यांत वितळविले जात असे. मंडला आणि आसपासच्या अरण्यभागातील अगारिया जमातीचा तर लोखंड गाळणे हा वंशपरंपरेचा व्यवसाय होता. पायांनी दाबावयाचे भाते आणि कोळशाने भरलेली पुरुषभर उंचीहूनही लहान भट्टी, एवढ्याच साधनांवर ते नांगराचे फाळ व कुऱ्हाडी यांना पुरेल इतके लोखंड तयार करीत.

अशा भूमीत पायाभरणीसाठी चर खणताना एखाद्या मजुराच्या पहारीला काळा, जड, गंजलेला गोळा लागला, अशी कल्पना करावी. तो गोळा काय असू शकेल? जुन्या भट्टीतील मळी, खाणीतून आलेला खनिजाचा खडा किंवा कारखान्यातून फेकलेला ओतीव लोखंडाचा तुकडा, यांपैकी काहीही असू शकेल. आणि हजारांत एखादे वेळी तो पृथ्वीवरचा नसेलही. सूर्यमाला बाल्यावस्थेत असताना एखाद्या लघुग्रहाच्या गाभ्यात गोठलेले आणि पुढे अवकाशातून येथे येऊन पडलेले ते लोखंड असेल.

हा भेद वरवर पाहून कळत नाही. तो कसा ओळखावयाचा आणि ओळखल्यानंतर त्या लोखंडाची जाती कशी ठरवावयाची, हे या लेखात पाहावयाचे आहे. हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. एखादा गोळा लोहाराच्या ऐरणीवर जातो की संग्रहालयाच्या कपाटात, यावर किती ज्ञान अवलंबून असते, हे भारतातच घडलेल्या दोन घटनांवरून स्पष्ट होईल.

बादशहाची तलवार

पहिली घटना १६२१ सालची आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात ती नोंदवून ठेविली आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात पंजाबातील जालंदर परगण्यातील एका गावी पूर्वेकडून मोठा आवाज झाला आणि एक तेजस्वी वस्तू जमिनीवर पडली. परगण्याच्या अंमलदाराने ती जागा पाहिली. दहाबारा गज जमीन इतकी करपली होती की तेथे गवताचा मागमूस उरला नव्हता. त्याने खणावयास लावले. जो जो खोल जावे तो तो माती अधिक उष्ण लागे. अखेर एक तापलेला लोखंडाचा गोळा हाती आला. तो दरबारात पाठविण्यात आला. त्याचे वजन १६० तोळे, म्हणजे आजच्या मानाने सुमारे दोन किलोग्रॅम भरले.

बादशहाने उस्ताद दाऊद या कुशल कारागिराला त्याची हत्यारे घडविण्याची आज्ञा केली. परंतु ते लोखंड घणाखाली टिकेना. ते फुटू लागले. तेव्हा तीन भाग आकाशीचे आणि एक भाग साधे असे लोखंड एकत्र करून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी घडविण्यात आली. त्यांतील सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलासंग्रहालयात आहे.

अशनीची इतकी सविस्तर आणि कालनिर्देशासह केलेली नोंद त्या काळी जगात दुर्मिळच होती. जहांगीराची जिज्ञासा प्रशंसनीय खरी. परंतु त्या लोखंडात जी माहिती दडलेली होती, ती भट्टीच्या आचेत पुसली गेली. पाव हिस्सा पृथ्वीवरचे लोखंड मिसळल्याने त्याचे मूळ घटकप्रमाण बिघडले आणि तापवून ठोकल्याने त्याची अंतर्गत रचना मोडली. मूळ गोळ्याचा अखंड तुकडा हाती नसल्यामुळे ते लोखंड कोणत्या कुळातील होते, हे आता ठरविता येत नाही. बादशहाला शस्त्रे मिळाली. विज्ञानाने एक साक्षीदार गमावला.

दगड आकाशातून पडतात काय?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बहुतेक विद्वान आकाशातून दगड पडतात ही गोष्ट खेडुतांची भाकडकथा समजत. १७९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ख्लाड्नी याने सायबेरियात सापडलेल्या एका प्रचंड लोहमिश्रित गोळ्याचा अभ्यास करून असे गोळे अवकाशातून येतात, असे प्रतिपादन केले. त्याची पुष्कळ थट्टा झाली.

त्याच्या बाजूने निर्णायक पुरावा मिळण्यास भारतातील एका घटनेचे साहाय्य झाले. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री काशीजवळ आकाशात अग्निगोल दिसला आणि पुष्कळ दगड पडले. त्यांपैकी काही इंग्लंडात पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने काशीच्या दगडांचे, निरनिराळ्या देशांत पडलेल्या इतर दगडांचे आणि रानावनात सापडलेल्या काही लोखंडी गोळ्यांचे पृथक्करण करून १८०२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. या सर्वांतील धातूंत निकेल होते! हजारो मैलांच्या अंतरावर मिळालेल्या वस्तूंत असे साम्य योगायोगाने येणे शक्य नव्हते. तेव्हापासून निकेल ही आकाशीच्या लोखंडाची पहिली खूण ठरली.

पृथ्वीवर आलेल्या अशा वस्तूला अशनी म्हणतात. अशनींचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत : पाषाणमय, लोहमय आणि दोहोंचे मिश्रण असलेले. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी बहुसंख्य पाषाणमय असतात. जबलपूरच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात, हा प्रदेश मध्यप्रांत व वऱ्हाडात असून नागपूर त्याची राजधानी असताना, २६ ऑक्टोबर १९४० रोजी सेमरकोना येथे पडलेला अशनी पाषाणमयच होता. त्याचे एकंदर वजन ७०० ग्रॅमांच्या आतच होते. परंतु सूर्यमालेच्या जन्मकाळानंतर अत्यंत कमी बदल झालेला दगड म्हणून आज तो जगभरच्या प्रयोगशाळांना परिचित आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे झालेला वर्षावही पाषाणांचाच होता. लोहमय अशनी पडताना प्रत्यक्ष पाहिल्याचे प्रसंग साऱ्या जगात मिळून सुमारे पन्नासच आहेत.

रिछाईच्या गोळ्याची परीक्षा

आता आपल्या कल्पनेतील गोळ्याकडे वळू. प्रथम डोळ्यांनी परीक्षा करावी. वातावरणातून वेगाने येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो व त्यावर पातळ काळसर कवच येते. ओल्या मातीवर अंगठे दाबावेत तसे उथळ खळगेही लोहमय अशनीवर पुष्कळदा दिसतात. भट्टीच्या मळीत वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात. अशनीत ती सहसा नसतात. एवढ्यावरूनच जुन्या भट्ट्यांच्या मळीचे बहुतेक तुकडे बाजूला काढता येतात.

दुसरी परीक्षा रेघेची. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी झिलई नसलेली कड असते. तिच्यावर गोळ्याचा कोपरा घासावा. तांबडी-तपकिरी रेघ उमटली तर तो हेमॅटाइटचा, म्हणजे सिहोऱ्याकडे मिळते तशा लोहखनिजाचा खडा असण्याचा संभव अधिक.

तिसरी परीक्षा घनतेची. ती शाळेतही करता येते. गोळा दोऱ्याने काट्याला टांगून त्याचे हवेतील वजन घ्यावे आणि नंतर तो पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा वजन घ्यावे. समजा, हवेत ७८० ग्रॅम आणि पाण्यात ६८० ग्रॅम भरले. कमी झालेले १०० ग्रॅम म्हणजे गोळ्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन. यावरून गोळ्याचे आकारमान १०० घन सेंटिमीटर. ७८० ला १०० ने भागले असता घनता ७·८ येते. लोहमय अशनीची घनता साधारण एवढीच असते. हेमॅटाइटची पाचच्या आसपास आणि काळ्या पाषाणाची तीनच्या आसपास असते.

परंतु रिछाईसारख्या ठिकाणी येथेच खरी अडचण सुरू होते. पोलादाची घनताही ७·८ च असते! चुंबक अशनीला चिकटतो, तसाच पोलादालाही चिकटतो. मग निकेलची परीक्षा घ्यावी. डायमिथिल ग्लायॉक्सिम नावाचे द्रव्य अमोनियाबरोबर वापरले असता निकेलच्या सान्निध्यात लाल रंग येतो. लोहमय अशनीत निकेलचे प्रमाण सामान्यतः पाच टक्क्यांहून अधिक असते, तर साध्या ओतीव लोखंडात ते नसल्यासारखेच असते. म्हणून रंग आला नाही तर गोळा अशनी नव्हे, हे जवळजवळ निश्चित होते. रंग आला तर मात्र निर्णय होत नाही. न गंजणाऱ्या पोलादात निकेल मुद्दाम घातलेले असते. अशा पोलादात क्रोमियमही भरपूर असते आणि लोहमय अशनीत ते अत्यल्प असते, ही पुढची कसोटी होय. जेथे माणूस स्वतःच निरनिराळी लोखंडे घडवितो, तेथे एका खुणेवर विसंबून चालत नाही. अनेक खुणा एकमेकींशी जुळाव्या लागतात.

अम्लाने उमटणारे लेखन

तरीही एक खूण अशी आहे की ती जबलपूरच्याच काय, जगातील कोणत्याही कारखान्याला निर्माण करता येत नाही.

१७५१ मध्ये क्रोएशियातील ह्राशिना येथे पडलेल्या लोहमय अशनीची एक पट्टी व्हिएन्ना येथे विडमनस्टेटन याने १८०८ मध्ये ज्योतीवर तापविली. तेव्हा तिच्यावर निरनिराळ्या रंगछटांचे, एकमेकांना छेदणारे पट्टे उमटले. गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर विरल नायट्रिक अम्ल लावले असताही हेच पट्टे स्पष्ट दिसतात. वेताच्या विणीप्रमाणे दिसणारी ही आकृती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

तिची उत्पत्ती अशी. फार उच्च तापमानात लोखंड व निकेल यांचे एकजिनसी स्फटिक असतात. ते निवू लागले म्हणजे त्यांतून निकेल कमी असलेली कामासाइट ही मिश्रधातू वेगळी होऊ लागते. तिच्या पट्ट्या मूळ स्फटिकात ठराविक चार दिशांनीच वाढतात. उरलेले निकेल त्यांच्यामधील टीनाइट या दुसऱ्या मिश्रधातूत साठते. अम्लाचा परिणाम दोहोंवर सारखा होत नाही, म्हणून पट्टे दिसू लागतात.

खडीसाखर करताना पाक सावकाश निवू दिला तर मोठे खडे बनतात, घाईने निवविला तर बारीक कण होतात, हे घराघरांत ठाऊक आहे. येथेही न्याय तोच. फक्त काळाचे माप निराळे. घन धातूत निकेलच्या अणूंना एका जागेहून दुसरीकडे सरकावयास अतोनात वेळ लागतो. पट्ट्यांची रुंदी मोजून हिशेब केला असता असे आढळते की हे लोखंड दर दहा लाख वर्षांत काही अंशांपासून काही हजार अंशांपर्यंत, एवढ्या मंद गतीने निवले असले पाहिजे. इतके मंद निवणे एखाद्या लघुग्रहाच्या पोटातच शक्य आहे. सभोवारचे जाड खडक घोंगडीप्रमाणे तेथील उष्णता धरून ठेवतात. कोणत्याही भट्टीला दहा लाख वर्षांची सवड नसते!

म्हणून अम्ल लावताच ही आकृती उमटली, तर गोळ्याच्या उगमाविषयी शंका उरत नाही. तसेच, भट्टीत पुरेसे तापविले असता ती नाहीशी होते. उस्ताद दाऊदच्या भट्टीत काय गमावले गेले असेल, याची कल्पना यावरून यावी.

कूळ कसे ठरते

या आकृतीवरून लोहमय अशनींचे जुने वर्गीकरण झाले. निकेल सहा टक्क्यांहून कमी असेल तर पट्ट्यांची वीण दिसत नाही. अशांना हेक्झाहेड्राइट म्हणतात. साधारण सहा ते सोळा टक्के निकेल असलेल्यांत वीण दिसते. ते ऑक्टाहेड्राइट होत. त्याहूनही अधिक निकेल असेल तर पट्ट्या इतक्या सूक्ष्म होतात की डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते अ‍ॅटॅक्साइट होत.

परंतु दिसण्यावरून नाते ठरत नाही. दोन माणसांची चण सारखी असली म्हणून ती एका घराण्यातली असतात असे नव्हे. १९५१ च्या सुमारास असे लक्षात आले की गॅलियम या मूलद्रव्याच्या लेशमात्र प्रमाणावरून लोहमय अशनींचे वेगवेगळे समूह पडतात. १९५७ मध्ये जर्मेनियमचीही जोड मिळाली आणि १९६७ पासून अमेरिकेतील जॉन वासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो अशनींचे मापन करून हे वर्गीकरण विस्ताराने उभे केले. एखाद्या लघुग्रहाचा वितळलेला गाभा हळूहळू गोठतो तेव्हा इरिडियम आधी गोठणाऱ्या भागात जाते आणि सोने मागे राहिलेल्या द्रवात साठते. पण गॅलियम व जर्मेनियम यांचे प्रमाण त्या मानाने फारसे बदलत नाही. म्हणून ही दोन मूलद्रव्ये घराण्याची खूण सांगतात आणि इरिडियम त्या घराण्यातील स्थान सांगते. जर्मेनियमचे प्रमाण काही कुळांत दहा लाख भागांत शेकडो भाग, तर काहींत एका भागाच्या शतांशाइतके असते.

अशी डझनभर कुळे आज मानली जातात. त्यांची नावे रोमन अंक व अक्षरे जोडून केलेली आहेत. राजस्थानात सामेलिया येथे २० मे १९२१ रोजी पडलेला अशनी ‘थ्री-एबी’ या सर्वांत मोठ्या कुळातील आहे. तमिळनाडूत कोडईकनालजवळ १८९८ मध्ये सापडलेला सुमारे सोळा किलोग्रॅम वजनाचा अशनी ‘टू-ई’ या लहान कुळातील असून त्याच्या लोखंडात सिलिकेटी खनिजांचे कण रुतलेले आहेत. त्या कणांचे वय सुमारे ३७० कोटी वर्षे भरते. सूर्यमाला मात्र ४५६ कोटी वर्षांची आहे. त्याच्या जनक लघुग्रहावर पुष्कळ उशिरा मोठा आघात झाला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

एक कूळ मानावयास किमान पाच सदस्य लागतात, असा संकेत आहे. सुमारे पंधरा टक्के लोहमय अशनी कोणत्याच कुळात बसत नाहीत. अशा एकाकी अशनींचे काय करावयाचे? जपून ठेवावयाचे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे दुसरी घटना.

नेडागोल्लाचा एकाकी अशनी

२३ जानेवारी १८७० रोजी सायंकाळी, आजच्या आंध्र प्रदेशात, पार्वतीपुरमजवळच्या नेडागोल्ला गावी एक लोहमय अशनी पडला. त्याचे वजन ४·६ किलोग्रॅम होते. म्हणजे जालंदरच्या गोळ्याच्या दुपटीहून थोडे अधिक. तलवारी घडवावयास तोही पुरला असता. परंतु तोपर्यंत काळ बदलला होता. असे गोळे जतन करण्याची रीत रूढ झाली होती. तो ऐरणीवर न जाता संग्रहालयांत गेला.

तेथे तो शंभराहून अधिक वर्षे बिनकुळाचा राहिला. त्याची अंतर्रचना नेहमीच्या चौकटीत बसली नाही. रासायनिक वर्गीकरण आले, कुळे ठरली, तरी त्याचे नाव ‘अवर्गीकृत’ याच सदरात राहिले. एखाद्याने म्हटले असते, याचा उपयोग तरी काय?

दरम्यान विज्ञानाला नवे साधन मिळाले. एकाच मूलद्रव्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. मॉलिब्डेनमच्या समस्थानिकांचे प्रमाण अतिसूक्ष्मपणे मोजले असता असे दिसून आले की सर्व अशनी दोन गटांत विभागले जातात. एका गटाचे द्रव्य सूर्याच्या निकटच्या प्रदेशातले, दुसऱ्याचे दूरच्या. बाल सूर्यमालेत हे दोन प्रदेश दीर्घकाळ एकमेकांपासून अलग राहिले आणि त्यांच्यामध्ये बहुधा वाढत्या गुरू ग्रहाचा बांध होता, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे.

नेडागोल्लाचे लोखंड तपासले तेव्हा ते यांपैकी कोणत्याच गटात बसेना. त्याचे मॉलिब्डेनम दोहोंच्या मधोमध आले. फ्रिडोलिन स्पिट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचा उलगडा केला. आतील प्रदेशातील एक आणि बाहेरील प्रदेशातील एक, अशा दोन लघुग्रहांची टक्कर होऊन त्यांचे द्रव्य मिसळले आणि त्या मिश्रणातून हे लोखंड निपजले. हॅफ्नियमच्या किरणोत्सर्गी समस्थानिकापासून टंगस्टन बनते. त्या घड्याळावरून ही घटना सूर्यमालेच्या आरंभानंतर निदान सत्तर लाख वर्षांनी घडली असावी, असेही ठरले.

ज्या गुणामुळे तो अशनी दीडशे वर्षे अडचणीचा वाटत होता, तोच त्याचा सर्वांत मौल्यवान गुण ठरला. तो कोणत्याही एका घराण्याचा नव्हता, कारण तो दोन घराण्यांच्या संघर्षातून जन्मला होता. १८७० मध्ये समस्थानिक ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. ज्यांनी तो जपून ठेविला त्यांना त्यातून काय निघेल हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असणे शक्यही नव्हते. जपणूक ही नेहमी अशाच श्रद्धेने करावी लागते.

पहार लागल्यावर

आता पुन्हा रिछाईच्या चराकडे येऊ. तेथे मिळालेला गोळा मळीच ठरेल, असे समजून चालणे व्यवहाराला धरून होईल. जगात अशनी म्हणून तपासावयास येणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेक अशनी नसतातच. परंतु नकार देण्यापूर्वी परीक्षा करावी आणि परीक्षा करताना नमुना बिघडू देऊ नये.

गोळा तापवू नये, घणाने फोडू नये, घासून चकचकीत करू नये. त्याला जोरदार चुंबक चिकटवू नये. अशनीत त्याच्या जन्मकाळच्या चुंबकत्वाची नोंद असू शकते आणि बाहेरच्या चुंबकाने ती पुसली जाते. दोऱ्याला टांगलेला लहान चुंबक दुरून त्याच्याकडे कसा ओढला जातो, एवढे पाहणे पुरे. कापणे आणि अम्ल लावणे ही कामे तज्ज्ञांवर सोपवावीत. नमुना कोरडा ठेवावा, कारण ओलाव्याने लोखंड गंजते. जागा, खोली, दिवस आणि पाहणाऱ्यांचे सांगणे त्याच वेळी लिहून ठेवावे. नंतर नमुना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचवावा. या संस्थेचा अशनींचा राष्ट्रीय संग्रह कोलकाता येथे आहे.

जालंदरच्या अंमलदाराने खणून काढलेला गोळा आणि नेडागोल्ला येथे उचललेला गोळा, हे दोन्ही आकाशातूनच आले होते. एकाची सुरी झाली. दुसरा जसा पडला तसा ठेवला गेला आणि दीडशे वर्षांनी त्याने दोन जगांच्या टकरीची हकीकत सांगितली. तिसरा गोळा कोठे, कोणाच्या पहारीला लागेल हे सांगता येत नाही. तो ज्याच्या हाती येईल, त्याने घण उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे, इतकीच अपेक्षा आहे.